ओइम्याकोन

ओइम्याकोन : ईशान्य सायबीरियातील खेडे व त्याभोवतीचे खोरे. अक्षांश सु. ६३° २७′ उत्तर, रेखांश सु. १४२° ४७′ पूर्व. रशियाच्या साखा (याकूतिया) प्रजासत्ताकात इंडिगिर्का नदीच्या वरच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सु. ७४० मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या सु. ५००. कायम वस्ती असलेल्या ठिकाणांत जगातील सर्वांत थंड म्हणून ते ओळखले जाते. उत्तर गोलार्धाचा ‘शीतध्रुव’ (सर्वांत कमी तापमानाचे ठिकाण) हा मान मात्र ओइम्याकोन व वायव्येस याना नदीकाठी असलेले व्हर्खोयान्स्क (६७° ३३′ उत्तर) यांच्यात वादग्रस्त राहिला आहे.

हवामान : ओइम्याकोन उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस आहे, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. येथे ध्रुवीय रात्र नसते. डिसेंबरअखेरीस दिवस सु. साडेचार तासांचा, तर जूनमध्ये सु. एकवीस तासांचा असतो. थंडीचे मुख्य कारण खोऱ्याच्या रचनेत आहे. हिवाळ्यात सायबीरियावर जास्त वायुदाबाचे क्षेत्र ठाण मांडते, आकाश निरभ्र व वारा जवळजवळ बंद असतो. बर्फाच्छादित जमीन मिळालेली थोडी उष्णताही रात्रंदिवस बाहेर टाकते. थंड व जड हवा चेर्स्की, सुंतार-खायाता इ. पर्वतरांगांच्या उतारांवरून खाली येते आणि परातीत पाणी साचावे तशी तळाशी साचून राहते. त्यामुळे तापमानाची तीव्र विपरीतता निर्माण होते, म्हणजे वरचे उतार खोऱ्याच्या तळापेक्षा पुष्कळ उबदार असतात. ओखोत्स्क समुद्र तुलनेने जवळ असला, तरी मध्ये पर्वत असल्याने त्याची सौम्य हवा येथवर पोहोचत नाही.

जानेवारीचे सरासरी तापमान सु. –४६° से., जुलैचे सु. १५° से. आहे. उन्हाळ्यात ३०° से.च्या वरही पारा जातो, त्यामुळे नोंदलेल्या टोकांमधील अंतर १०० अंशांहून अधिक भरते. वार्षिक वर्षण सु. २० सेंमी. असून त्यातील बरेचसे उन्हाळ्यात पावसाच्या रूपाने पडते. शांत हवेमुळे –५०° से.ची थंडी अंगाला वाऱ्यातील –३०° से.इतकी बोचत नाही, असे स्थानिक लोक मानतात; उष्णताविनिमयाच्या दृष्टीने ते सयुक्तिक आहे. सु. –५०° से.च्या खाली श्वासातील, धुरांड्यांतील व मोटारींच्या धुरातील बाष्प लगेच गोठते आणि वस्तीवर हिमकणांचे दाट धुके उतरते.

नीचांकाचा वाद : व्हर्खोयान्स्क येथील पद्धतशीर निरीक्षणे हद्दपार क्रांतिकारक इव्हान खुद्याकोव्ह यांनी १८६९ च्या सुमारास सुरू केली. पारा सु. –३९° से.ला गोठतो, म्हणून खालच्या तापमानासाठी अल्कोहोलचे तापमापक वापरावे लागत. त्या काळच्या अशा तापमापकांत काही अंशांची चूक असे व ती नंतर दुरुस्तीने काढावी लागे. फेब्रुवारी १८९२ ची नोंद प्रथम –६९.८° से. अशी प्रसिद्ध झाली; दुरुस्तीनंतर ती –६७.८° से. (५ व ७ फेब्रुवारी) धरली जाते. जुन्या संदर्भग्रंथांत पहिला आकडा अजूनही आढळतो, तो स्वीकारू नये. काही रशियन लेखनात १८८५ हे सालही दिलेले आहे, परंतु आंतरराष्ट्रीय सूचींत १८९२ च ग्राह्य मानले आहे.

ओइम्याकोनचा दावा भूवैज्ञानिक सेर्गेई ओब्रुचेव्ह यांच्या मोहिमेपासून पुढे आला. चेर्स्की पर्वतरांग शोधणाऱ्या या मोहिमेच्या निरीक्षणांवरून हे खोरे हिवाळ्यात व्हर्खोयान्स्कपेक्षा काही अंशांनी थंड असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो फरक व्हर्खोयान्स्कच्या नीचांकाला लावून –७१.२° से. हा आकडा मिळाला असावा. तो स्थानिक स्मारकावर कोरलेला आहे व प्रवासवर्णनांत ‘नोंद’ म्हणून दिला जातो. त्याच्याशी १९२४ हे साल जोडण्याची प्रथा आहे. ओब्रुचेव्ह येथे १९२६ मध्ये आले, हे पाहता ते साल टिकत नाही. हा आकडा तापमापकावर वाचलेला नसून अनुमानित आहे, आणि प्रत्यक्ष मापनाशी त्याची तुलना करणे योग्य नव्हे. हवामान केंद्रावर प्रत्यक्ष नोंदलेला नीचांक ६ फेब्रुवारी १९३३ रोजीचा –६७.७° से. हा आहे. जागतिक हवामान संघटना तो –६७.८° से. धरून दोन्ही ठिकाणांना समान मानत असे. दोन नोंदींतील दशांशाचा फरक उपकरणांच्या अचूकतेपेक्षा लहान असल्याने हीच भूमिका सयुक्तिक वाटते.

ओइम्याकोनच्या बाजूने उंचीचा मुद्दा मांडला जातो. व्हर्खोयान्स्क अवघ्या सु. १३० मी. उंचीवर असल्याने दोन्ही तापमाने समुद्रसपाटीवर आणून तुलना करावी, असे काहींचे म्हणणे आहे. परंतु मुक्त वातावरणात उंचीनुसार तापमान घटण्याचा दर विपरीतता असलेल्या खोऱ्याला लावणे शास्त्रीय दृष्ट्या शंकास्पद आहे, आणि तसे केल्यास अधिक उंचीवरील ओइम्याकोनचे तापमान जास्त वाढवावे लागून त्याचा दावा उलट दुबळाच होतो. शिवाय ‘ओइम्याकोन’ नावाचे हवामान केंद्र प्रत्यक्षात तीस-चाळीस किमी. दूर तोम्तोर या खेड्यात आहे. खोऱ्यातील जागा बदलली की तापमानही काही अंशांनी बदलते. जानेवारी २०१८ मध्ये खेड्यात पर्यटकांसाठी लावलेला अंकीय तापमापक –६२° से. दाखवून बंद पडला, तेव्हा अधिकृत केंद्राचा आकडा सु. –५९° से. होता.

सप्टेंबर २०२० मध्ये जागतिक हवामान संघटनेने ग्रीनलंडवरील क्लिंक या स्वयंचलित केंद्राची २२ डिसेंबर १९९१ ची –६९.६° से. ही नोंद उत्तर गोलार्धाचा नीचांक म्हणून मान्य केली. ते केंद्र ३,००० मी.हून उंच हिमस्तरावर, निर्मनुष्य जागी होते. वस्तीपुरता सायबीरियातील वाद त्याने मिटलेला नाही.

लोकजीवन : रहिवासी मुख्यतः साखा (याकूत) व एवेन या स्थानिक जमातींचे. साखांची भाषा तुर्की कुलातील असून त्यांचे पूर्वज बैकल सरोवराच्या परिसरातून बहुधा तेराव्या शतकाच्या सुमारास उत्तरेकडे सरकले असावेत. निश्चित काळाबाबत मतभेद आहेत. त्यांचा ठेंगणा, दाट केसांचा घोडा हिवाळाभर उघड्यावर राहतो व खुरांनी बर्फ उकरून वाळके गवत खातो. तो याच भागातील प्राचीन घोड्यांचा वंशज असावा, असे पूर्वी मानले जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तो साखांनी दक्षिणेतून आणलेल्या घोड्यांपासून आला असून काही शतकांतच थंडीला अनुकूल झाला आहे. हे मत अधिक ग्राह्य दिसते.

गायी वर्षाचे आठ-नऊ महिने गोठ्यात असतात. बाहेर सोडताना त्यांच्या कासेला उबदार आवरण बांधतात. जुन्या पद्धतीचे ‘बालागान’ घर ओंडक्यांचे, माती व शेणाने लिंपलेले असून ‘खोतोन’ हा गोठा त्यालाच जोडलेला असे. एवेन लोकांचा परंपरागत व्यवसाय रेनडियरपालन आहे. आहारात घोड्याचे व रेनडियरचे मांस, दूध आणि नदीतील मासे प्रमुख. गोठलेल्या कच्च्या माशाचे पातळ काप (‘स्त्रोगानिना’) मिठासह खातात. भाजीपाल्याचा हंगाम अतिशय अल्प असतो.

जमीन कायम गोठलेली असल्याने नळ पुरता येत नाहीत. शरद ऋतूत नदी गोठली की बर्फाच्या लाद्या कापून घराबाहेर रचतात व हिवाळाभर वितळवून पिण्यास वापरतात. शौचालये बहुधा घराबाहेरच असतात. मोटारी तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवतात, नाहीतर इंजिन चालूच ठेवतात. दफनासाठी विस्तव पेटवून जमीन थोडी थोडी वितळवून खणावी लागते. सु. –५०° से.च्या खाली शाळा बंद होतात, लहान वर्ग आधी. जूनमध्ये ‘इस्याख’ हा उन्हाळ्याच्या स्वागताचा उत्सव होतो.

तोम्तोरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अलास्काहून सोव्हिएट संघात विमाने आणण्याच्या हवाई मार्गावरील राखीव विमानतळ म्हणून वापरात आली. याकूत्स्क व मगादान यांना जोडणारा कोलिमा महामार्ग स्टालिनकाळात कैद्यांच्या श्रमांतून, अपरिमित मनुष्यहानी होऊन तयार झाला. त्याची जुनी शाखा तोम्तोरवरून जाते.

तापमानवाढ या प्रदेशात स्पष्ट दिसते. व्हर्खोयान्स्क येथे २० जून २०२० रोजी नोंदलेले ३८° से. तापमान जागतिक हवामान संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये ध्रुववृत्ताच्या उत्तरेकडील उच्चांक म्हणून मान्य केले.