हजार जणांवरून कोल्हापूर कसं कळणार?

‘२०११च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, आणि विचारलं हजार जणांना! पाव टक्काही नाही, म्हणजे सर्व्हे खोटाच.’

शंका साहजिक आहे. पण रस्सा पातेलीभर असो की डेगभर, मीठ बघायला चमचाच पुरतो; नीट ढवळलेला मात्र हवा.

समजा चिठ्ठ्या टाकून हजार जण निवडले, ‘तांबडा की पांढरा?’ विचारलं, आणि ६०० जण तांबडा म्हणाले. मग शहराचा अंदाज ५७ ते ६३ टक्के. असा पट्टा शंभरदा काढला, तर साधारण ९५ वेळा खरा आकडा त्यात सापडतो. हजार जण अख्ख्या महाराष्ट्रातून निवडले तरी पट्टा जवळपास तेवढाच! मोबाईलवर करून बघा: १ला विचारलेल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० जणांना १० टक्के इकडे-तिकडे, ४००ला ५, हजाराला ३. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात, म्हणून हजारावर थांबणं परवडतं.

खरा घोळ निवडीत होतो. संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतील त्यांनाच विचारलं, तर दहा हजार जणही कमीच. तो रश्शावर तरंगणारा तेलाचा कट झाला, ढवळलेला रस्सा नव्हे.