मोठी लॉ फर्म सोडली म्हणजे वकिली संपली?

भागीदार होण्याआधीच मोठी कॉर्पोरेट लॉ फर्म सोडणारा वकील स्पर्धेत हरला, असा समज वर्षानुवर्षं पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. या फर्मची रचनाच निमुळती असते: खाली कनिष्ठ वकील पुष्कळ, वर भागीदार मोजके. बहुतेकांनी कधीतरी बाहेर पडणं त्यात गृहीतच असतं.

मिशेल ओबामा यांनी १९९१ मध्ये सिडली ऑस्टिन ही मोठी लॉ फर्म सोडून शिकागोच्या महापौर कार्यालयात काम धरलं. त्याच वर्षी एलेना केगन खासगी वकिली सोडून शिकागो विद्यापीठात शिकवू लागल्या. २०१० मध्ये त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या.

कंपनीचा कायदा विभाग ही सर्वांत रुळलेली वाट. पण ती आरामाची नोकरी मुळीच नव्हे. तिथे लांबलचक कायदेशीर मत कुणाला नको असतं. करार करायचा की नाही, एवढं आजच्या आज सांगावं लागतं आणि त्याचे परिणामही आपल्यालाच निस्तरावे लागतात. नियामक संस्था, लवाद, स्वतःची छोटी फर्म हेही पर्याय आहेत.

पगार बहुधा घटतो, हे मात्र खरं. आणि नोकरी धरण्याआधी सनदेचे नियम नक्की वाचा: काही देशांत, जसं भारतात, पूर्णवेळ पगारी नोकरी घेतल्यावर सहसा वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते.