झुरळाचे तोंड

जुलैमधली सकाळ. गोव्यातल्या फोंड्यात चार दिवस पाऊस उघडला नव्हता. शेजारच्या वहिनी चार वर्षांच्या धाकट्याला कडेवर घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, पळयात, कितें तरी चाबलां." मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. त्यामुळे आमच्या वाड्यावर घरात शिरलेला कुठलाही सहा पायांचा, आठ पायांचा किंवा बिनपायांचा जीव आधी माझ्याकडे येतो, डॉक्टर नंतर.

मुलाच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्याशी मसुरीच्या डाळीएवढा लाल चट्टा होता. वरची कातडी कोणी खरवडून काढावी तशी गेलेली. टाचेलाही तसाच एक. डास चावला तर गांध उठते. ढेकूण बहुधा एका ओळीत तीन-चार ठिकाणी चावतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा तो नारिंगी-काळा बारीक किडा अंगावर चिरडला गेला, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा लांबट पट्टा उठतो. यातलं काहीच इथे दिसत नव्हतं. मी विचारलं, "रात्री झोपताना काय खाल्लं यानं?"

"दूध-बिस्कीट. तोंड न धुताच झोपला."

त्या रात्री साडेअकराला त्यांच्या स्वयंपाकघरात बॅटरी घेऊन गेलो. काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधला होता, कारण झुरळांना लाल उजेड फारसा दिसत नाही आणि ती बिनधास्त फिरत राहतात. ओट्यावर, मिक्सरच्या बुडाशी, गॅसच्या नळीवर, भिंतीवरच्या घड्याळामागे. चाळिसापर्यंत मोजली आणि सोडून दिलं. सगळी लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेली.

झुरळ चावतं का, या प्रश्नाचं उत्तर 'चावतं, पण क्वचित' असं आहे. डास किंवा ढेकूण यांच्यासारखं त्याला आपलं रक्त नको असतं. त्याच्याकडे डंख नाही, विषही नाही. त्याचे जबडे कात्रीसारखे आडवे मिटतात आणि जे मिळेल ते कुरतडतात: भात, साबण, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, मेलेली कातडी, कापलेली नखं. झोपलेल्या माणसाच्या ओठावर दुधाचा थर असेल किंवा टाचेला जाड घट्टा असेल, तर तेही त्याच यादीतलं खाणं. जुन्या लाकडी जहाजांवर खलाशांची नखं आणि पायांचे घट्टे झुरळांनी कुरतडल्याचे उल्लेख सापडतात. ज्या घरात कोणी तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, होऊन गेलेला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. महिनोन्महिने समुद्रावर, खाणं मोजकं आणि झुरळं बेसुमार.

म्हणून चाव्याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की घरातली झुरळं खाण्याच्या मानाने फार झाली आहेत. चार-दोन झुरळांच्या घरात सहसा कोणाला चावा बसत नाही. चाव्यावर उपाय साधा: साबण-पाण्याने धुणं, खाजवू न देणं, लाली पसरू लागली किंवा पू झाला तर डॉक्टर. चट्टा झुरळाचाच हे निव्वळ पाहून कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही.

जबड्याची ताकद मात्र खरोखर अचंबित करणारी आहे. २०१५ साली गटारातल्या मोठ्या झुरळाच्या जबड्याचा जोर सूक्ष्म उपकरणाने मोजला गेला. तो त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ५० पट भरला. वजनाच्या हिशेबाने माणसाच्या चाव्याच्या साधारण पाचपट. लाकूड पोखरण्यासारख्या चिवट कामासाठी त्याच्या जबड्याचे काही स्नायू हळू पण दीर्घकाळ जोर लावणारे असतात.

आता गोव्यातल्या घरांत ही झुरळं मुख्यतः दोन जातींची, आणि दोघांचा हिशेब वेगळा. मोठं, लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, पावसाच्या तोंडावर कधी उडत येऊन नेमकं पाहुण्यांच्या अंगावर बसणारं, ते गटारातलं आणि सेप्टिक टँकमधलं. सोक पिटात, म्हणजे सांडपाणी मुरायच्या खड्ड्यात, पाणी चढलं की ते न्हाणीघराच्या जाळीतून वर येतं. त्याला आपलं घर हे आसऱ्याचं ठिकाण, संसार बाहेर. जाळीला बारीक छिद्रांचं झाकण, दाराखालची फट बंद, टँकच्या झाकणाची चीर सिमेंटने बुजवली, की त्याचं येणं बरंच कमी होतं. फट म्हणजे किती, तर तीन मिलिमीटर पुरते. शरीर दाबून ते आपल्या उंचीच्या चौथाई भागातून सरकून जातं.

खरी डोकेदुखी लहान झुरळाची. हे सहसा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठं होत नाही आणि माणसाच्या घराबाहेर जवळजवळ राहतच नाही. लिनियसने १७६७ साली त्याच्या नावात 'जर्मन' घातलं आणि बिचाऱ्या जर्मनीच्या माथी ते कायमचं बसलं. २०२४ साली १७ देशांतल्या २८१ झुरळांचा डीएनए तपासल्यावर उलगडा झाला, की हे मूळचं आपल्याच बाजूचं. शेताबांधावर राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारमध्ये ते वेगळं झालं, माणसाच्या वस्तीला चिकटलं, सुमारे १२०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेलं आणि पुढे युरोपी व्यापारी जहाजांतून जगभर पोचलं. म्हणजे मसाल्यासोबत आपण आणखीही काही निर्यात केलं.

ते वाढतं कसं हे पाहिलं की मनुष्यप्राण्याची दमछाक समजते. मादी ३०-४० अंडी भरलेली तपकिरी डबी पोटाच्या टोकाला धरून फिरते आणि फुटायच्या जरा आधी टाकते. पिल्लं दोन-तीन महिन्यांत मोठी होतात. त्यांना दोन्ही बाजूंनी अंगाला काहीतरी टेकलेलं हवं असतं, म्हणून बिजागरी, फ्रिजच्या मोटरची जागा, गॅसच्या शेगडीखालची पोकळी आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचे पदर त्यांना सगळ्यात प्रिय. वहिनींच्या पोटमाळ्यावर जूनपूर्वीचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेलं होतं: सुके बांगडे, आमसुलं, मिरच्या, फणसाचे पापड, सगळं बाजारातून आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. खोकं उघडताच वास आला. एकदा घेतला की विसरत नाही असा तेलकट, ओलसर वास.

कानात झुरळ शिरण्याचं कारणही हीच फटीची ओढ. अशा वेळी पिन किंवा काडी घालू नये. कान फुटलेला नसेल आणि वाहत नसेल, तर खोबरेल तेलाचे चार थेंब सोडून झुरळ मरू द्यावं आणि काढण्यासाठी कानाच्या डॉक्टरकडे जावं.

चाव्यापेक्षा झुरळाच्या विष्ठेची, लाळेची आणि गळून पडलेल्या कातीची धूळ जास्त नडते. यातल्या प्रथिनांनी दमा बळावतो. अमेरिकेत शहरी वस्त्यांतल्या ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३६.८ टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी होती. ज्यांना ॲलर्जी होती आणि ज्यांच्या निजायच्या खोलीतही ही धूळ भरपूर होती, त्यांना इस्पितळात दाखल करायची वेळ इतर मुलांच्या मानाने ३.४ पट अधिक आली. आपल्याकडे पावसाळ्यात खिडक्या लावून बसायचे दिवस आणि मुलांची धाप एकत्रच येतात. मेलेल्या झुरळांची धूळही महिनोन्महिने उरते. म्हणून फ्रिजमागचा केर कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने उचलावा.

आता मारायचं कसं. इथे मी त्यांच्या तोंडाकडेच परत जातो, कारण उपायही तिथूनच आत जातो.

फवाऱ्याच्या डब्याने समोरचं झुरळ मरतं, समाधान मिळतं आणि उरलेली भिंतीत आणखी खोल सरकतात. खोलीभर धूर सोडणारे डबेही तपासले गेले आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या घरांत ते सोडले, तेव्हा झुरळांची संख्या जवळपास तशीच राहिली आणि विष मात्र ओट्यावर साचलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की काही वस्त्यांतली झुरळं अनेक औषधांना एकदम पचवू लागली होती, आणि ती ताकद एका पिढीत चार ते सहा पट वाढत होती. म्हणजे आपण फवारत राहायचं आणि जी वाचतात त्यांच्यापासून पुढचं घराणं चालवायचं. किडे मारायचा खडू, डांबराच्या गोळ्या याही त्याच घरातल्या. खडूतलं विष रांगत्या मुलाच्या हाताला लागतं. डांबराच्या गोळ्या काही बाळांच्या रक्तपेशींना बाधतात. तमालपत्र आणि काकडीच्या सालांबद्दल बोलायलाच नको.

त्यापेक्षा बरं ते झुरळांसाठीचं जेल. जेल हे खाण्यात कालवलेलं, सावकाश भिनणारं विष. झुरळ ते खातं, लपणीत परत जातं, तिथे विष्ठा टाकतं, ओकतं, मरतं. लहान पिल्लं लपणीतून फारशी बाहेर येत नाहीत. ती मोठ्यांची विष्ठा खातात, प्रेतंही खातात. एका जेलमधल्या औषधावर २००८ साली झालेल्या प्रयोगात विषारी झुरळ खाल्लेली पिल्लं मेली आणि त्या पिल्लांना खाल्लेले नरही मेले. आपण चार ठिपके लावायचे, वाटप ती आपसात करतात.

पण यातही एक गंमत झाली, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना उत्क्रांती शिकवताना मी डार्विनच्या फिंच पक्ष्यांपेक्षा हीच जास्त वेळ सांगतो. १९८० च्या दशकात फ्लोरिडात ग्लुकोज घातलेली आमिषं वापरायला सुरुवात झाली. काही वर्षांत काही घरांतली झुरळं आमिषाला तोंड लावेनाशी झाली. कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी तपासलं, तर त्यांना विषाचा नव्हे, ग्लुकोजचाच तिटकारा होता, आणि तो पिल्लांतही उतरत होता. कारण कळायला २०१३ साल उजाडलं. आयाको वादा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी दाखवलं, की या झुरळांच्या तोंडावरच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही कडू म्हणू लागल्या आहेत. साखर ओठाला लागते आणि झुरळाला कारलं लागतं. आमिषातलं विष खाऊन गोडाचे शौकीन मेले, कडवट जिभेचे उरले.

त्याचा फटका त्यांच्या लग्नालाही बसला. नर मादीपुढे पंख उचलून पाठीवर पाझरणारा गोड रस वाढतो. ती तो चाखत असताना तो आपलं काम उरकतो. पण मादीची लाळ लागली की त्या रसातल्या साखरेतून ग्लुकोज सुटतं, मग ग्लुकोज न सोसणारी मादी भर पंगतीतून उठून जाते. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की अशा घराण्यातल्या नरांनी रसातल्या साखरांचं मिश्रण बदललं आणि काम जरा लवकर उरकायला सुरुवात केली. निसर्गाने अडचण निर्माण केली, निसर्गानेच पळवाटही काढली.

म्हणून एकच जेल वर्षानुवर्षे वापरू नये. औषधाचं नाव पाकिटावर असतं, ते बदलत जावं. वहिनींकडे आम्ही मसुराएवढे ठिपके लावले: बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरमागे, घड्याळाच्या पाठीला. मोठे गोळे कशाला, तर वाळतात आणि मुलांच्या हाती लागतात. ठिपक्यांजवळ फवारा मारायचा नाही, ही अट वहिनींच्या सासूबाईंना सगळ्यात जड गेली. दुसऱ्या दिवशी फिनाईलची बाटली मला ओट्यावरून उचलून मोरीत ठेवावी लागली. जिथे मुलांचा हात पोचत नाही, अशा एका फटीत त्या घराने बोरिक पावडरचा पातळ थर आधीच दिला होता, तो राहू दिला. ती सावकाश मारते, पण मारते. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं.

पाण्याची बाजू गोव्यात अवघड आहे. या झुरळाला पाण्यावाचून दोन आठवडेही धड काढता येत नाहीत, पण पाणी मिळालं तर उपाशीपोटी ते महिनाभर तगतं. जुलैत आपल्याकडे भिंतींना घाम येतो, तेव्हा त्याला पाणी तोडणार कसं? तरी सिंक रात्री पुसून कोरडं, गळणाऱ्या नळाला नवा वॉशर, फ्रिजखालचं पाण्याचं तबक रिकामं, एवढं जमतं. पुरुमेंत पुठ्ठ्यांतून काढून झाकणाच्या डब्यांत गेलं. खोकी अंगणात नेऊन उघडली, झटकली. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची चांगली सोय झाली.

ओट्याखाली दोन चिकट सापळे ठेवले, मारण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. पहिल्या रात्री दोन्हीत मिळून छत्तीस. दहाव्या दिवशी नऊ. तिसऱ्या आठवड्यात एक, तेही मेलेलं. सासूबाईंनी "झालं तुमचं" म्हणून सापळे उचलायला घेतले, मी ठेवायला लावले. डबीतल्या अंड्यांना जेल पोचत नाही, आणि ती साधारण तीन-चार आठवड्यांत फुटतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी रात्री दहाला फोन केला. सापळ्यात तांदळाच्या कणीएवढी, काळसर, मध्ये फिकट पट्टा असलेली चार पिल्लं चिकटली होती. जेलची नळी घेऊन गेलो तेव्हा धाकटा जागाच होता. त्याला त्याच्या आईने आधी चूळ भरायला लावली, मग माझ्यासोबत घड्याळामागचा ठिपका बघायला सोडलं.