वरचा पैसा खाली झिरपतो का?

श्रीमंतांवरचा कर कमी केला, की त्यांच्या हातात जास्त पैसा राहतो. तो उद्योगात गुंतवला जातो, नोकऱ्या निघतात, पगार वाढतात. झिरप सिद्धांत म्हणतात तो एवढाच. यातली प्रत्येक कडी आकडेवारीवर तपासून पाहता येते.

दुबळी कडी गुंतवणुकीची आहे. पैसा हाताशी आहे म्हणून कोणी कारखाना काढत नाही. माल खपेल अशी खात्री हवी. खप वाढवतो तो कमी उत्पन्नाचा माणूस, कारण त्याच्याकडे आलेल्या जादा रुपयातला बराचसा लगेच खर्च होतो. श्रीमंताचा जादा रुपया बहुतेक वेळा शेअर किंवा जमिनीत जातो. त्याने किमती चढतात, पण नवे उत्पादन होतेच असे नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये हा प्रयोग जवळजवळ शुद्ध स्वरूपात करून पाहिला. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकर घटवला आणि मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात दाखवल्या जाणाऱ्या धंद्याच्या नफ्यावरचा राज्याचा कर थेट शून्यावर आणला. झाले काय? नवे धंदे फारसे निघाले नाहीत; अनेकांनी आहे तेच उत्पन्न कागदोपत्री धंद्याचे करून टाकले. तिजोरी आटली. २०१७ मध्ये गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने ही कपात मागे घेतली, आणि तिथे बहुमत त्यांच्याच पक्षाचे होते!

एका राज्यावरून निष्कर्ष काढू नये, हे खरेच. पण डेव्हिड होप आणि ज्युलियन लिम्बर्ग या संशोधकांनी १८ विकसित देशांतल्या ५० वर्षांच्या, श्रीमंतांना दिलेल्या करकपाती तपासल्या. वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा वाढला. विकासदर आणि बेरोजगारीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. माझ्या मते सिद्धांताला सर्वात जड जाणारा पुरावा हाच.

विषमता किती वाढली, यावर मात्र अर्थतज्ज्ञांचे खरोखरच एकमत नाही. पिकेटी आणि साएझ यांच्या मते १९८० नंतर अमेरिकेत वरच्या एक टक्क्याचा वाटा झपाट्याने वाढला. ऑटन आणि स्प्लिंटर म्हणतात, कर आणि सरकारी मदत जमेस धरली तर १९६०च्या दशकापासून तो फारसा हललेलाच नाही. दोघांचा कच्चा माल एकच, करविवरणपत्रे. वादाचे एक मोठे कारण म्हणजे त्या विवरणपत्रांत न दाखवलेले उत्पन्न: ते कोणाच्या नावावर किती मांडायचे, यावर उत्तर बरेच बदलते.