भाताच्या बांधावरची नळी आणि गुरुद्वाराचा भोंगा

पंजाबी माणूस भात फारसा खात नाही, पिकवतो मात्र भरपूर. एप्रिल 2015 मध्ये घुमानच्या साहित्य संमेलनाला जे गेले होते, त्यांना वाटेत दोन्ही बाजूंना गहूच गहू दिसला असेल. गुरुग्रंथसाहेबात ज्यांची 61 पदं आहेत त्या आपल्या नामदेवांचं हे गाव. त्याच मुलखात जून-जुलैत गेलात, तर गव्हाच्या जागी घोटाभर पाण्यात उभी असलेली भाताची रोपं दिसतील. 30 लाख हेक्टरांहून जास्त भात! आणि हे पाणी काही कोकणासारखं आभाळातून पडलेलं नाही. सुमारे 14 लाख कूपनलिका ते जमिनीच्या पोटातून ओढून काढतात. दरवर्षी जेवढं पाणी उपसणं परवडण्याजोगं आहे, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसा पंजाबात होतो.

ज्या भूमीत हे चाललंय, तिथे रोज पहाटे जपुजी साहेब या शीख प्रार्थनेचा पाठ होतो आणि शेवटी गुरू नानकांचा श्लोक येतो: ‘पवणु गुरू, पाणी पिता, माता धरति महतु’. हवा गुरू, पाणी बाप, धरती आई. एका दमात तिघांची नावं घेतलेली आहेत, आणि आज पंजाबात नेमके तिघेही आजारी आहेत. या आजारावर तंत्रज्ञान काय करतंय, हे पाहताना मला सारखा एकच प्रश्न पडतो: यंत्राचा डोळा कुणाचा? शेतकऱ्याचा, की त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याचा?

सुरुवात एका साध्या नळीपासून करू. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं भातशेतीसाठी एक स्वस्त टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतली ओल दाखवणारं साधन, तयार केला. पारदर्शक नळी, तिच्या तळाला भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कप, आत पाणी. कप भाताच्या मुळांजवळ, वीतभर खोल रोवायचा. जमीन सुकू लागली की ती कपाच्या बारीक छिद्रांतून नळीतलं पाणी शोषून घेते आणि आतली पातळी उतरते. नळीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे रंगवलेले असतात. पातळी हिरव्यात असेल तर पंप लावायचा नाही. पिवळ्यात शिरली की पाणी द्यायचं. लाल म्हणजे उशीर झाला. ना बॅटरी, ना सिमकार्ड. आपल्याकडे जुनेजाणते मातीचं ढेकूळ मुठीत दाबून वाफसा झाला का ते सांगतात. ती मूठच या नळीत बसवली आहे म्हणा ना. कारण भाताला पहिले दोनेक आठवडे सोडले, तर सतत उभं पाणी लागतच नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आलटून पालटून ओलं-कोरडं ठेवण्याची जी पद्धत रुळवली, तिनं 30 टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं. शिवाय चिखलात हवा खेळल्यामुळे मिथेन सोडणाऱ्या जिवाणूंचं फावत नाही.

या नळीला खोड एकच. कप कोरडा पडला की आत हवा शिरते आणि नळी खोटं बोलू लागते, म्हणून कुणीतरी रोज बांधावर जाऊन बघायला हवं. इथे इलेक्ट्रॉनिक्स कामाला येतं. विद्युतक्षेत्राला पाणी फार वेगळा प्रतिसाद देतं. त्याचा परावैद्युतांक, म्हणजे या प्रतिसादाचं माप, 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा जेमतेम 3 ते 5. मातीत धातूच्या दोन पट्ट्या खोचून त्यांची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजली की ओल किती ते कळतं. राहिला निरोप पोचवण्याचा प्रश्न. मोबाइलला टॉवरशी सारखा संपर्क ठेवावा लागतो, म्हणून त्याची बॅटरी दिवसभरात संपते. शेतातल्या सेन्सरला दिवसातून चार-सहा वेळा एखादा आकडा सांगायचा असतो, बस्स. त्यासाठी ‘लोरा’ नावाची रेडिओपद्धत सोयीची. भारतात ती 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या विनापरवाना पट्ट्यात चालते. संदेश एका ठरावीक सुरात न पाठवता खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत मींड घेत पाठवला जातो, त्यामुळे गोंगाटातही तो ओळखू येतो. मोकळ्या शेतात काही किलोमीटर जातो आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

मग हे सगळीकडे का नाही? मधली काही वर्षं सोडली, तर पंजाबात 1997 पासून शेतीपंपाला वीज फुकट आहे. पाणी वाचवून शेतकऱ्याच्या खिशात काहीच पडत नसेल, तर पिवळा पट्टा बघायला तो कशाला धावेल? यावर 2018 मध्ये एक योजना निघाली. पंपाला मीटर बसवायचा, ठरवून दिलेल्या कोट्यातली वीज उरली की दर युनिटला 4 रुपये थेट खात्यात. कल्पना चांगली होती. पण मीटर म्हटलं की ‘आज पैसे देतील, उद्या याच मीटरवर बिल येईल’ ही शंका आलीच. सेन्सरची अचूकता प्रयोगशाळेत तपासता येते, ही शंका तिथे मोजता येत नाही.

आता पित्याकडून गुरूकडे, म्हणजे हवेकडे. उपसा थांबवायला पंजाबनं 2009 मध्ये कायदा केला: ठरलेल्या तारखेआधी भातलावणी करायची नाही, उन्हाच्या कडाक्यात पाणी उपसायचं नाही. पण लावणी पुढे गेली म्हणजे कापणीही पुढे गेली, आणि गव्हाच्या पेरणीला दोन-तीन आठवडेच उरले. कापणी यंत्र मागे हातभर धसकटं आणि पेंढा सोडून जातं. काडेपेटी सगळ्यात स्वस्त. पाणी वाचवताना हवा गेली! शहरी माणूस शेतकऱ्याच्या नावानं बोटं मोडतो तेव्हा ही साखळी त्याला ठाऊक नसते.

आगी मोजतात उपग्रह. तीनशे केल्विनची, म्हणजे सुमारे 27 अंश सेल्सिअसची, साधी जमीन मुख्यतः 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास उष्णता सोडते; पेटलेला पेंढा 4 मायक्रॉनच्या आसपास नुसता झळकतो. त्यामुळे उपग्रहांवरच्या ‘व्हीआयआयआरएस’ या उपकरणाचा एक ठिपका 375 मीटरचा असला, तरी त्यातली एखाद्या एकरातली आगही उठून दिसते. सरकारी मोजणीप्रमाणे पंजाबात 2023 च्या हंगामात 36,663 आगी होत्या, 2024 मध्ये 10,909. कौतुक करायला हरकत नाही, पण जरा थांबून. हे उपग्रह पंजाबवरून जातात दुपारी दीडच्या सुमारास. 2024 मध्येच काही अभ्यासकांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी राहणाऱ्या, उपग्रहाची दर दहा मिनिटांची चित्रं चाळली, तेव्हा उपग्रह निघून गेल्यावर, दुपार कलताना धुराचे लोट उठताना दिसले. अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं नाही. मला मात्र यात नवल वाटत नाही. शिक्षेसाठी रोखलेल्या डोळ्याची वेळ माणूस पाठ करतोच. त्यावर उपाय म्हणून आता आग न शोधता काळं पडलेलं शेत शोधलं जातं, आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या चित्रांत ते ओळखायला यंत्रशिक्षण, म्हणजे नमुने दाखवून संगणकाला शिकवण्याचं तंत्र, वापरतात. मग शेतकरी लगेच नांगर फिरवील. हा लपंडाव संपायचा नाही.

याउलट कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक गरीब, उपयोगी चेहरा आहे. धूळ मोजणारे स्वस्त सेन्सर लेसरचा किरण हवेतून सोडतात आणि कणांवरून किती प्रकाश विखुरला ते पाहतात. पंजाबातल्या हिवाळी धुक्यात हे कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर घाबरवणारे आकडे दाखवतो. अशी काही यंत्रं महागड्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवायची, आर्द्रता आणि तापमान सोबत नोंदवायचं, आणि चूक कधी किती होते ते संगणकाला शिकू द्यायचं. मग एका महागड्या यंत्राच्या आधारानं अनेक गावांची हवा बऱ्यापैकी खरी मोजता येते. दिल्लीच्या हवेत पेंढ्याच्या धुराचा वाटा रोज किती, याचा अंदाज देणारी प्रणाली तर आपल्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं उभी केली आहे.

आणि हे सारे आकडे शेवटी धावतात काचेच्या केसाएवढ्या तंतूतून. 1926 मध्ये मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्ससोबत 1954 मध्ये दाखवून दिलं, की अशा तंतूंच्या वाकड्या जुडीतून चित्र पाठवता येतं. प्रकाश आतल्या आत आपटत वळणं घेतो. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. त्यांनी पुढे 1967 मध्ये अमेरिकेत शीख फाउंडेशन काढलं, आणि त्यांच्या संशोधनात सौरऊर्जा आणि प्रदूषणमापनही होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

शिखांची तीन सूत्रं: किरत करो, नाम जपो, वंड छको. कष्ट करा, नाम घ्या, वाटून खा. पेंढ्याच्या बाबतीत मला तिसरं सर्वांत तांत्रिक वाटतं. धसकटं न जाळता त्यांच्यातूनच गहू पेरणारं ‘हॅपी सीडर’ यंत्र पंजाबात बनलं. पण ते वर्षात जेमतेम वीस-पंचवीस दिवस लागतं. पाच एकरवाल्यानं ते विकत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. सहकारी सोसायटीनं घ्यावं आणि फिरवावं. पण सगळ्यांना ते एकाच पंधरवड्यात हवं असतं. कुणाचं शेत कधी रिकामं होईल, पाऊस कधी येईल, ट्रॅक्टर कुठून कुठे गेला तर डिझेल कमी जळेल, हे संगणक माणसापेक्षा चांगलं लावून देतो. आधी कुणाचा नंबर, हे मात्र गावानं ठरवायचं असतं. पंगत हा शब्द पंजाबीतही पंगतच आहे, आणि लंगरच्या पंगतीत कुणासाठी वेगळं पान मांडत नाहीत.

नंबर लागला की मोबाइलवर मेसेज येतो. तरी पंजाबच्या खेड्यात महत्त्वाची सूचना आजही गुरुद्वाराच्या भोंग्यावरूनच होते: कुणाची म्हैस हरवली, कुठे शिबिर आहे, पेंढा जाळू नका. ग्रंथी, म्हणजे गुरुग्रंथसाहेबाचं पठण करणारा, माइक हातात घेतो, एकदा खाकरतो, आणि अख्खं गाव कान देतं.