लाखाचा स्ट्रीमर की घरातला लॅपटॉप, हा वाद मुळात आला कुठून

लॅपटॉप यूएसबीने डॅकला (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) जोडून गाणी ऐकायची की त्यासाठी लाख-दोन लाखाचा वेगळा स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारा डबा, आणायचा, हा विषय मुंबईत चार ऑडिओवाले जमले की निघतोच आणि दोन्ही बाजू आपापल्या कानांची शपथ घेतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, डॅक बरा असेल तर आवाजात फरक पडत नाही. पण "कॉम्प्युटरचा आवाज खराब" ही अफवा नव्हती, एके काळी ते अगदी खरं होतं.

सुरुवात सीडीपासून करावी लागेल. १९८२ ला सीडी आली, आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं (सॅम्पल), प्रत्येक माप १६ बिटचं. पुढे हौशी लोकांसाठी प्लेअरचे दोन डबे झाले, डिस्क फिरवणारा ट्रान्सपोर्ट वेगळा आणि डॅक वेगळा, मध्ये एकच वायर. त्या वायरीतून (या जोडणीला एस/पीडीआयएफ म्हणतात) गाण्याचा डेटा आणि त्याचं टायमिंग दोन्ही एकत्रच जातं, म्हणजे डॅकला समोरच्या डब्याच्या तालावर चालावं लागतं आणि तो ताल जरा हलला की त्याला म्हणायचं जिटर. हा शब्द मार्केटवाल्यांना इतका आवडला की त्यावर वायरी, स्टँड, काय वाट्टेल ते विकलं गेलं. १९९८ मध्ये डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन यांनी लोकांना ऐकवून तपासलं तर साध्या टोनमध्ये सुद्धा साधारण १० नॅनोसेकंदाच्या खालचा जिटर कळेना, गाण्यात तर त्याहून जास्त लागला. आजच्या बऱ्या डॅकचा जिटर पिकोसेकंदात मोजतात, म्हणजे नॅनोच्या हजाराव्या भागात.

आता कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पार्ट आणून जोडलेला पीसी आठवा, साउंड कार्ड आत, बाजूला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), फॅन, हार्ड डिस्क, माऊस हलवला की स्पीकरमधून किर्र्र. वर सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं गाणं बरीच कार्डं गुपचूप ४८ किलोहर्ट्झ करून वाजवायची, १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह त्याबद्दल बदनामच होतं, आणि सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा विंडोज एक्सपीचा मिक्सर पण मध्ये हात घालायचा. हा मिक्सर टाळणारं स्टाइनबर्ग कंपनीचं एएसआयओ १९९७ पासून होतं पण ते स्टुडिओवाल्यांसाठी. साध्या माणसाला विंडोजचा मिक्सर टाळून सरळ डॅकला डेटा द्यायची सोय, म्हणजे एक्सक्लुझिव्ह मोड, २००७ ला विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तोपर्यंत नाव खराब झालेलं ते झालंच.

स्ट्रीमर नेमका याच काळात आला. स्लिम डिव्हायसेस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने २००१ ला स्लिमपी३ आणि २००३ ला स्क्वीझबॉक्स हे स्ट्रीमर काढले, आयडिया एवढीच की गोंगाट करणारा पीसी आतल्या खोलीत राहू दे, हॉलमध्ये फक्त एक गप्प डबी. ती सोय होती, जादू नव्हती. पण २००६ ला त्यांनीच ट्रान्सपोर्टर नावाचा स्ट्रीमर काढला, जवळजवळ २००० डॉलरचा, थेट ऑडिओफाइल लोकांसाठी, आणि माझ्या मते गाडी इथेच वळली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या लिन कंपनीने क्लायमॅक्स डीएस हा स्ट्रीमर आणला आणि २००९ ला सीडी प्लेअर बंद करतो म्हणून जाहीर केलं. (आपल्याकडे मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ ला बंद झालं, तोवर बरेच जण तिथूनच सीडी घेत होते.)

गंमत अशी की स्ट्रीमर महाग होत गेले त्याच वर्षांत कॉम्प्युटरचा मूळ रोग बरा झाला. असिंक्रोनस यूएसबी आलं, म्हणजे ताल आता डॅकच्या स्वतःच्या क्लॉकचा, कॉम्प्युटरने फक्त मागितला तेवढा डेटा पोचवायचा, उशिरा-लवकर झालं तरी मध्ये बफर, म्हणजे डेटाचा छोटा साठा, आहे. तांदूळ टेम्पोतून आले काय नि हातगाडीवरून आले काय, भात तोच. २०१७ पासून तर विंडोज १० ला नव्या यूएसबी डॅकसाठी वेगळा ड्रायव्हर पण लागत नाही. आणि स्ट्रीमर उघडून बघितला तर आत बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटरच असतो. कॅनडाच्या ब्रायस्टन कंपनीने आपल्या बीडीपी-पाय या स्ट्रीमरमध्ये चक्क रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा स्वस्त कॉम्प्युटर बसवला होता, तोच जो २०१२ ला ३५ डॉलरला आला, आणि त्यांनी ते लपवलंही नाही हे विशेष.

एक गोष्ट मात्र अजून खरी आहे, ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून येणारी गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा, अ‍ॅम्पलाही अर्थिंग, आणि बिल्डिंगचं वायरिंग जुनं असेल तर स्पीकरमधून गूं असा आवाज येतो, चार्जर काढला की बंद. स्ट्रीमर लावल्यावर हा आवाज गेला तर लोकांना वाटतं पैसे वसूल, पण तेच काम डॅकला ऑप्टिकल वायर लावून किंवा यूएसबी आयसोलेटर (मधला विजेचा संबंध तोडणारी डबी) टाकून होतं.

बाकी दुकानातल्या डेमोत जो फरक ऐकू येतो त्यात बऱ्याचदा दोन भानगडी असतात. लॅपटॉप विंडोजच्या मिक्सरमधूनच वाजत असतो कारण एक्सक्लुझिव्ह मोड कुणी चालू केलेलाच नसतो, आणि दोन्हीचे व्हॉल्यूम मीटर लावून सारखे केलेले नसतात. त्यात जो एखाद डेसिबलने मोठा तो आपल्याला मोठा न वाटता जास्त मोकळा, जास्त खोल वाटतो, आणि बिल त्याचं फाटतं.