शान वस्त्रकला

शान वस्त्रकला : म्यानमारच्या पूर्वेकडील शान पठारावर राहणाऱ्या आणि स्वतःला ‘ताई’ म्हणविणाऱ्या लोकांची विणकामाची व वेशभूषेची परंपरा. इन्ले सरोवरावरील इंथा आणि केंगतुंग या शान संस्थानातील ताई खुन यांचे कामही तिच्यात धरण्याचा प्रघात आहे. तो मुख्यतः संग्रहालयांच्या नोंदींतून रूढ झाला असून फारसा काटेकोर नाही. इंथांची बोली तर ब्रह्मी भाषेचीच आहे.

शानांच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. युनानमधील नानचाओ हे राज्य ताई लोकांचे होते, हे जुन्या लेखकांचे मत आता बहुतेकांनी सोडले असून तेथील राज्यकर्ते तिबेटी-ब्रह्मी भाषिक असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तेराव्या-चौदाव्या शतकांत शान सत्ता प्रबळ झाल्या. आसाममध्ये राज्य स्थापणारा सुकाफा मौंग माव या शान राज्याच्या प्रदेशातून १२२८ च्या सुमारास तेथे आला, अशी अहोम परंपरा आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास ब्रह्मी राजा बयिनौंगने ही राज्ये जिंकली. तरी साओफा (ब्रह्मी ‘सॉब्वा’) या वंशपरंपरागत अधिपतींची सत्ता १९५९ पर्यंत टिकून होती.

दमट हवेत कापड टिकत नसल्याने उपलब्ध नमुने बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे आहेत. स्त्रियांचे लुंगीवजा वस्त्र कंबरपट्टा, मधला भाग आणि काठ असे तीन तुकडे जोडून होते. केंगतुंगच्या वस्त्राचा रुंद हिरवा काठ लगेच ओळखू येतो, तर नामखामकडील कापडात जादा बाण्याने (आडव्या धाग्याने) चौकटीची नक्षी उठविलेली असते. पुरुष ढगळ विजार घालतात. खांद्यावरची विणलेली झोळी तर म्यानमारभर वापरली जाते.

इन्लेवरील ‘झिन्मे’ या रेशमी वस्त्रात पटोळा या गुजराती रेशमी वस्त्राप्रमाणे ताणा (उभा धागा) व बाणा दोन्ही नव्हे, तर केवळ बाण्याचे सूत विणण्यापूर्वी बांधून रंगवितात. झिन्मे हे चियांग माईचे ब्रह्मी नाव आहे. त्यावरून हे तंत्र तेथून आले असे सांगितले जाते. परंतु बाणा रंगविण्याची ही रीत थायलंड व कंबोडियातही रुजलेली असल्याने एकाच नगराकडे बोट दाखविणे घाईचे होईल. आग्नेय आशियातील अशा नक्षीवर गुजरातेतून निर्यात होणाऱ्या पटोळ्याची छाप असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. सरोवरातील कमळाच्या देठांतील तंतूंचे कापड मात्र अलीकडचे, साधारण विसाव्या शतकाच्या आरंभीचे असून ते प्रथम चीवरांसाठी विणले गेले, असे सांगतात.

दरबारी वेशावर मंडालेची छाप होती. १९०३ च्या दिल्ली दरबारास शान अधिपती उपस्थित होते. त्यानंतर केंगतुंगला भारतीय धाटणीचा राजवाडा उभा राहिला, तो १९९१ मध्ये पाडण्यात आला. लाखकाम, कोरड्या लाखेच्या (कापडावर लाखेचे थर देऊन घडविलेल्या) बुद्धमूर्ती आणि घडीच्या हस्तलिखितांवरील कापडी वेष्टने याच कलापरंपरेत मोडतात.